शिकाऊ उमेदवाराला कारखान्यात शिकवायचे कोणी? ठाणे-बेलापूर पट्ट्यातून काही प्रस्ताव

कळवेकर

दहावीचे निकाल लागले की आयटीआयच्या प्रवेशांची चर्चा घरोघरी होते. कोणता ट्रेड चांगला, कोणत्या संस्थेत यंत्रे बरी आहेत, याची चौकशी पालक मनापासून करतात. मात्र आयटीआय संपल्यानंतर कारखान्यात काढायच्या शिकाऊ उमेदवारीच्या (अप्रेंटिसशिपच्या) वर्षाबद्दल फारसे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते मुलगा कारागीर होणार की हेल्पर राहणार, हे त्याच वर्षात ठरते. माझी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात झाली, आधी वागळे इस्टेटमध्ये आणि नंतर रबाळ्यात. निवृत्तीनंतरही ओळखीची मुले आपापल्या अडचणी घेऊन येतात, म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडत आहे.

अलीकडे टर्नर (लेथवर धातूकाम करणारा कारागीर) ट्रेडच्या एका उमेदवाराने मला त्याची कार्यडायरी दाखवली. रोज केलेल्या कामाची नोंद उमेदवाराने ठेवावी असा नियम आहे, आणि या मुलाने ती इमानेइतबारे ठेवली होती. ‘मशीन पुसले. बार कटिंगला मदत केली. टेम्पो उतरवला. जॉबचे बर काढले.’ पानामागून पान हेच, आणि प्रत्येक पानाखाली सुपरवायझरची सही. त्या सुपरवायझरने ती पाने वाचली असती तर सही करताना त्याचा हात थांबायला हवा होता. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण असे कारखाने अनेक आहेत.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार उमेदवाराला ट्रेडचे प्रशिक्षण देणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि मालक स्वतः त्या ट्रेडमध्ये पात्र नसेल तर पात्र माणसाकडे प्रशिक्षणाची सूत्रे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम उमेदवाराला देणे दंडास पात्र आहे. म्हणजे कायद्याने शिकवणारा माणूस गृहीत धरलेला आहे; कारखान्याच्या हजेरीपत्रकात मात्र तो सापडत नाही.

सध्या सारी चर्चा विद्यावेतनाभोवती फिरते. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरले आणि आयटीआय उत्तीर्णांसाठी ते ७,००० रुपये आहे. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ते ६,८०० ते १२,३०० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली. वाढ व्हायलाच हवी. कळवा, दिवा किंवा मुंब्र्याहून येणाऱ्या मुलाला सात हजारांत प्रवास, डबा आणि घरी द्यायचे पैसे भागत नाहीत. तरीही विद्यावेतन दुप्पट केले आणि डायरीत ‘टेम्पो उतरवला’ हेच राहिले, तर आपण जरा महाग हमाल तयार केला, एवढेच होईल.

शिकवणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) केंद्रात बसवणे हे टर्नरचे मूलभूत कौशल्य आहे. डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावायचा, चक हाताने फिरवायचा, काटा सर्वांत पुढे कुठे जातो आणि सर्वांत मागे कुठे येतो ते पाहायचे, आणि त्या दोन वाचनांमधील फरकाच्या निम्म्याने जॉब सरकवायचा. एक जबडा सैल करून समोरचा आवळायचा, आधी एक जोडी आणि मग दुसरी. सांगायला दोन मिनिटे पुरतात, हातात बसायला काही आठवडे लागतात. नवीन मुलगा पूर्ण फरकाने जॉब सरकवतो, काटा उलट बाजूला तितकाच जातो आणि तो गोंधळतो. त्या क्षणी शेजारी उभे राहून ‘निम्मे का?’ असे विचारणारा कोणी असेल तर तो आयुष्यभरासाठी शिकतो. कोणी नसेल तर दुसऱ्या दिवसापासून त्याला फक्त तीन जबड्यांच्या चकवर, सोप्या जॉबला उभे केले जाते, आणि वर्ष संपते.

शेजारी उभे राहण्याच्या या वेळेचे पैसे कोणीच देत नाही. उस्ताद टर्नरला त्याच्या उत्पादनावरून जोखले जाते. अर्धा तास मुलाला दिला तर त्याचे पाळीचे आकडे पडतात आणि बोलणी त्यालाच खावी लागतात. केंद्राची शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ पासून आहे. तिच्यात विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना कमाल १,५०० रुपये सरकार सोसते. पण कामावर शिकवणाऱ्या कारागिराच्या वेळेसाठी तिच्यात काही नाही. माझा मुख्य प्रस्ताव हाच आहे की प्रत्येक कारखान्याने शिकवणारा कारागीर नावानिशी नेमावा, आठवड्यातील त्याचे काही तास उत्पादनाच्या हिशेबातून वगळावेत, त्या तासांचा भत्ता त्याला मिळावा आणि त्या भत्त्यातील वाटा सरकारी योजनेतून यावा.

पूर्वी या पट्ट्यातील मोठ्या अभियांत्रिकी कंपन्यांची स्वतःची प्रशिक्षण केंद्रे असत आणि तेथून निघालेली मुले पुढे आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांचा कणा बनली. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथल्या कित्येक शेडच्या जागी आता आयटी पार्कच्या इमारती आहेत. जे कारखाने उरले ते बहुतांश लहान आहेत, आणि शिकवण्याचा भार त्यांच्यावर आला आहे. इतर सदस्यांचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः मालकांचे.

पावणे_लघुउद्योग

कळवेकर साहेब, आपण मालकांना बोलावले आहे म्हणून स्पष्ट लिहितो. पावण्यात माझा यंत्रभागांचा कारखाना आहे आणि एकूण माणसे तीसपेक्षा कमी आहेत. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे आणि चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. तरीही मी उमेदवार घेतो, कारण मला पुढे माणसे लागणार आहेत.

आपण उस्तादाच्या वेळेचा विचार केला, तसाच यंत्राच्या वेळेचाही करावा. माझ्याकडील सीएनसी (संगणकावर चालणारी) लेथ कर्जावर घेतलेली आहे. ती तासभर उमेदवाराच्या हाती द्यायची म्हणजे तो तास, तुटलेले इन्सर्ट (कापणारी पाती) आणि बाद झालेला जॉब या तिन्हींचा खर्च माझ्या माथी येतो. एवढे करून मुलगा तयार झाला की थोडे जास्त पैसे मिळतात म्हणून तो मोठ्या कारखान्यात जातो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही गेलो असतो. पण ज्याने शिकवायचा खर्च केला नाही त्याला तयार माणूस मिळतो, हा व्यवहार लहान उद्योजकाला परवडणारा नाही. टेम्पो उतरवून घेणे चुकीचेच आहे, त्याचे समर्थन मी करत नाही. मात्र ते काम उमेदवाराच्या वाट्याला का येते, त्यामागे हा हिशेबही आहे.

आणखी एक गोष्ट. आयटीआयमधून आलेल्या मुलाला व्हर्नियर वाचता येते, पण ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पाहून कोणते माप आधी घ्यायचे हे उमगत नाही. पहिले तीन महिने त्यातच जातात.

माजी_निदेशक

शासकीय आयटीआयमध्ये शिल्प निदेशक (ट्रेड शिकवणारा शिक्षक) आणि पुढे गटनिदेशक म्हणून काम केल्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. पावणे_लघुउद्योग यांची तक्रार रास्त आहे. आयटीआयमध्ये जॉब परीक्षेसाठी होतो. मापात बसला की गुण मिळतात, मग त्याला दोन तास लागोत की दोन दिवस. कारखान्यात तोच जॉब वेळेतही बसवावा लागतो, आणि कोणता पृष्ठभाग आधी यंत्रावर घ्यायचा हा क्रम वेळेच्या ओढीतूनच शिकला जातो. आयटीआयने ते पूर्ण शिकवावे अशी अपेक्षा मला योग्य वाटत नाही. त्यासाठीच तर शिकाऊ उमेदवारीचे वर्ष आहे.

कार्यडायरीबद्दल माझा आग्रह आहे. ती फक्त नोंदवही राहिली आहे, तिला तपासणीचे साधन करता येईल. प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम छापील उपलब्ध असतो. त्यातील एकेक कौशल्य डायरीच्या डाव्या बाजूला लिहावे आणि समोर तीन रकाने करावेत: पाहिले, मदतीने केले, स्वतः केले. दर महिन्याला उस्तादाने आणि उमेदवाराने एकत्र बसून रकाने भरावेत. सहा महिन्यांनंतरही ‘स्वतः केले’ हा रकाना रिकामा दिसला, तर भेटीला आलेल्या सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याला) दुसरे काही विचारण्याची गरज उरणार नाही. आज भेट झालीच तर करार, हजेरी आणि विद्यावेतनाची पावती पाहिली जाते. मुलाला काय येते हे पाहायला वेळ उरत नाही, कारण एका अधिकाऱ्याकडे आस्थापना फार असतात.

निदेशकांनाही कारखान्यात पाठवले पाहिजे. आयटीआयच्या सुट्टीच्या काळात प्रत्येक निदेशकाने काही आठवडे आपल्या ट्रेडच्या कारखान्यात काम केले, तर त्याचे शिकवणे बदलेल, आणि कोणत्या कारखान्यात खरोखर शिकवले जाते हेही त्याला कळेल. मग तो आपली मुले तेथे पाठवील. आज मुले शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर जागा दिसेल तेथे अर्ज करतात. त्या जागेमागे उस्ताद आहे की टेम्पो, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही.

ऐरोली_सेक्टर

माझा मुलगा यंदा इलेक्ट्रिशियन ट्रेड उत्तीर्ण झाला. एका ठिकाणी शिकाऊ उमेदवारी मिळत आहे, आणि दुसरीकडे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून जागा आहे, तेथे महिना ८,००० रुपये मिळतील असे सांगतात. घरी सगळे म्हणतात की जास्त पैसे असतील तेथे जावे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळवेकर

ताई, आपण विचारले ते फार बरे केले, कारण या दोन गोष्टींची गल्लत सर्वत्र होते.

युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केली. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे तिचे विद्यावेतन आहे. मुदत आधी सहा महिने होती, ती पुढे अकरा महिने झाली. कामाची ओळख व्हावी यासाठी ती योजना आहे आणि ज्यांना कोठेच शिरकाव मिळत नाही त्यांना तिचा उपयोग होतो. शिकाऊ उमेदवारी मात्र १९६१ च्या कायद्याखालचा नोंदणीकृत करार आहे. तिला ट्रेडचा ठरलेला अभ्यासक्रम आहे, शेवटी अखिल भारतीय परीक्षा आहे, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वेसारख्या ठिकाणी या प्रमाणपत्राला भरतीत वजन आहे. रेल्वेच्या आस्थापनांमध्ये शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. हजार रुपयांच्या फरकासाठी हे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत पुढच्या वाटा आजच ठरवाव्यात. स्वतंत्रपणे वायरिंगची कामे करायची असतील तर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना लागतो, आणि पुढे अनुभव घेऊन पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रापर्यंत जाता येते. शिकायची इच्छा असेल तर दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआय म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि तिच्यामुळे चांगल्या हाताची मुले या वाटेला येतच नाहीत.

करारावर सही करण्यापूर्वी मुलाने तेथे एवढेच विचारावे की मला शिकवणार कोण आणि त्यांचा ट्रेड कोणता. उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर जागा चांगली समजावी. ‘सगळेच शिकवतात’ असे उत्तर आले तर आणखी चौकशी करावी.

सौदामिनी

मी इलेक्ट्रिशियन आहे आणि महापे परिसरातील एका डेटा सेंटरच्या देखभाल विभागात काम करते. कळवेकर सरांनी नाव विचारायला सांगितले, त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. माझ्या शिकाऊ उमेदवारीत ज्या ज्येष्ठ तंत्रज्ञांच्या हाताखाली मला दिले होते, ते कोणत्याही मोटरचे काम सुरू करण्याआधी मला मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावायला सांगत. वाचन वहीत लिहायचे, काम झाल्यावर पुन्हा लावायचे, आणि दोन आकड्यांत फरक का पडला ते तोंडी सांगायचे. पावसाळ्यात वाचन खाली येते, वाइंडिंग सुकवले की वर जाते, हे पुस्तकात वाचले होते. पण त्यांनी विचारले म्हणून मी ते समजून घेतले. पुरवठा बंद करून कुलूप लावल्याशिवाय आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय पॅनेलला हात लावायचा नाही, ही शिस्तही त्यांचीच. आज मी नवीन मुलांना तसेच शिकवते.

या पट्ट्याचे काम बदलले आहे, याकडे लक्ष वेधते. ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटर उभी राहिली आहेत. त्यांना इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन आणि डिझेल जनरेटरचे मेकॅनिक सतत लागतात, पण हे मनुष्यबळ कंत्राटी संस्थांमार्फत घेतले जाते. मग उमेदवार कोणी घ्यायचे यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. वास्तविक २०१४ च्या दुरुस्तीने कामगाराच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत काम करणारेही आले, आणि एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यायचे असतात. जेथे कंत्राटी धरून २०० माणसे आहेत तेथे किमान ५ आणि कमाल ३० उमेदवार हवेत. कायमस्वरूपी माणसे मोजूनच आकडा काढला, तर त्या मोठ्या इमारतीत एखादाच मुलगा दिसतो.

मुलींबद्दलही लिहिणे भाग आहे. ट्रेड घेणाऱ्या मुली वाढत आहेत, पण लहान कारखान्यांत स्वतंत्र स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसते, आणि याच कारणाने ‘आमच्याकडे मुलींचे काम नाही’ असे सांगितले जाते. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसला तरी आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांच्या तरतुदी त्याला आणि तिलाही लागू आहेत. माझ्याबरोबर उत्तीर्ण झालेल्या मुलींपैकी काहींनी याच अडचणीमुळे उमेदवारी अर्ध्यात सोडली आणि त्या आता दुकानांत काम करतात. त्यांचे हात माझ्यापेक्षा चांगले होते.

पावणे_लघुउद्योग

सौदामिनी ताईंचा मुद्दा मान्य आहे. आमच्या गल्लीत सात-आठ लहान कारखाने आहेत; प्रत्येकाने स्वतंत्र सोय करणे जागेअभावी अवघड असले तरी मिळून करता येण्यासारखे आहे. उस्तादाच्या बाबतीतही असेच काही शक्य आहे का, असा विचार डोक्यात आला. एकट्याने शिकवणारा माणूस नेमणे मला परवडत नाही.

कळवेकर

आपण ज्या वाटेने विचार करत आहात ती कायद्यातच आहे. कलम ८ प्रमाणे अनेक मालक एकत्र येऊन, स्वतः किंवा शिकाऊ उमेदवारी सल्लागाराने मान्य केलेल्या संस्थेमार्फत, उमेदवारांना प्रशिक्षण देऊ शकतात. वागळे इस्टेटमध्ये ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आणि रबाळ्यात ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन अशा उद्योजकांच्या संघटना आहेत. अशा संघटनांनी हे काम हाती घेतले तर लहान मालकाला पोर्टल, करार आणि नोंदी यांची डोकेदुखीही राहणार नाही.

आपल्या गल्लीचेच उदाहरण घेऊ. आठ कारखान्यांनी प्रत्येकी दोन उमेदवार घेतले तर सोळा मुले झाली. त्यांच्यासाठी एक निवृत्त टर्नर किंवा फिटर नेमावा. त्याने आठवडाभर फिरत राहावे, प्रत्येक कारखान्यात ठरलेल्या वेळी यंत्राशेजारी उभे राहून शिकवावे, आणि महिन्याच्या शेवटी माजी निदेशक सरांच्या तीन रकान्यांची डायरी भरून घ्यावी. त्याचा पगार आठ ठिकाणी विभागला की कोणालाच जड जाणार नाही. मुलांनाही कारखाने बदलून मिळावेत: चार महिने लेथ, चार महिने मिलिंग, चार महिने ग्राइंडिंग आणि तपासणी. एकाच कारखान्यात वर्षभर एकच जॉब काढणाऱ्या मुलापेक्षा हा मुलगा निश्चित सरस होईल. शिकवलेला मुलगा पळतो ही आपली चिंताही सौम्य होईल, कारण गल्लीतल्या एका कारखान्यातून दुसऱ्यात गेला तरी खर्चात दोघांचाही वाटा होता.

असे निवृत्त कारागीर कळव्यात, ठाण्यात, कोपरखैरण्यात घरोघरी बसून आहेत. त्यांची दृष्टी अधू झाली असेल, पण यंत्राचा आवाज बिघडला की त्यांना अजूनही सर्वांत आधी कळते. त्यांना मानाने बोलवावे आणि रीतसर मोबदला द्यावा.

माजी_निदेशक

कारखाने बदलून देताना एक काळजी घ्यावी. करार कोणाशी, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि विद्यावेतन कोणाच्या खात्यातून, हे आधी लेखी ठरले पाहिजे. काम करताना इजा झाली तर उमेदवाराला भरपाई देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि आठ मालकांत ते कोणी द्यायचे हा वाद त्या मुलाच्या हातावर बँडेज असताना व्हायला नको. यासाठी सल्लागार कार्यालयाची मान्यता घेऊनच पाऊल टाकावे.

पावणे_लघुउद्योग

मान्य. गल्लीतील मालकांशी मी बोलतो. निदान चार जण तयार होतील असे वाटते. सीएनसी लेथ सुरुवातीचे चार महिने उमेदवाराच्या हाती देणार नाही, साध्या लेथवर तयारी झाली की देईन, एवढी माझी अट राहील. माजी निदेशक सर, टर्नर आणि मशिनिस्ट या दोन ट्रेडच्या अभ्यासक्रमातील कौशल्यांची यादी आपण तीन रकान्यांसह पाठवू शकाल का? प्रत्येक मालकाने त्यावर आपल्याकडे कोणते यंत्र आहे आणि ते शिकवायला कोण आहे, याची खूण करावी. ज्या कौशल्यासमोर कोणाचीच खूण पडणार नाही, त्यासाठी बाहेरचा कारागीर शोधू.

माजी_निदेशक

टर्नरची यादी रविवारपर्यंत येथेच टाकतो. मशिनिस्टसाठी गिअर कटिंगचा भाग तपासून पाहावा लागेल, कारण त्यासाठी लागणारी डिव्हायडिंग हेड ही यंत्राची जोडणी आता थोड्याच कारखान्यांत उरली आहे. कळवेकर, आपल्या ओळखीत कोणाकडे डिव्हायडिंग हेडवर काम चालत असेल तर कळवावे.